सिद्धतेचा भार कोणावर?

अधिवेशनांत, तालुका शाखांच्या बैठकांत आणि दूरचित्रवाणीवरील चर्चांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आयुर्वेद खोटा आहे, हे त्यांनी सिद्ध करून दाखवावे." या वाक्याला टाळ्या पडतात. वक्ता समाधानाने खाली बसतो आणि मूळ प्रश्न जेथे होता तेथेच राहतो. आमच्या मते हे वाक्य आयुर्वेदाचा कैवार घेणारे नाही. ते आयुर्वेदाच्याच वादपद्धतीला सोडून आहे. वैद्यबंधूंनी आणि विशेषतः औषधिनिर्मात्यांनी या विषयाचा शांतपणे विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सिद्धतेचा भार ही कल्पना पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादली, असा एक समज आहे. चरकसंहितेतील विमानस्थानाचा आठवा अध्याय पुन्हा उघडून पाहावा. रोगभिषग्जितीय अध्यायात वैद्याने वाद कसा करावा, हे सांगताना चव्वेचाळीस वादमार्गपदे दिली आहेत. त्यांत प्रतिज्ञा येते आणि प्रतिज्ञेमागोमाग स्थापना येते. जे सिद्ध करावयाचे आहे त्याचे कथन ती प्रतिज्ञा. हेतू, दृष्टांत, उपनय आणि निगमन यांच्या आधारे तिला उभे करणे ही स्थापना. क्रम स्पष्ट आहे. प्रतिज्ञा करणाऱ्याच्या खांद्यावर स्थापनेचे ओझे येते. 'हा कल्प मधुमेहावर गुणकारी आहे' असे लेबलवर छापणारा प्रतिज्ञा करीत असतो. ती खोडून काढण्याचे काम समोरच्याचे, असे आचार्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

मात्र हाच न्याय प्रतिपक्षालाही लागू होतो. 'हे सिद्ध झालेले नाही' असे म्हणणारा कोणतीही नवी प्रतिज्ञा करीत नाही. तो केवळ स्थापना मागतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. पण 'आयुर्वेद म्हणजे निव्वळ थोतांड' असे जो म्हणतो, त्याने प्रतिज्ञा केलेली असते. त्यालाही हेतू आणि दृष्टांत द्यावेच लागतील. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे दोष काढीत राहणे याला आचार्य वितंडा म्हणतात. वितंडा करणारे त्या बाजूलाही आहेत आणि आपल्याकडेही आहेत. आपल्याकडील वितंडेचा ठराविक नमुना म्हणजे आधुनिक औषधांच्या दुष्परिणामांची यादी वाचून दाखविणे. एखादे ॲलोपॅथिक औषध बाजारातून मागे घेतले गेले, यावरून आपल्या चूर्णाचा गुण सिद्ध होत नाही.

सुश्रुताचे ते प्रसिद्ध वचन

यावर काही विद्वान सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील चाळिसाव्या अध्यायाकडे बोट दाखवितात. तेथे आशय असा आहे की, ज्या औषधींची लक्षणे आणि फले प्रत्यक्ष आहेत त्यांची परीक्षा विद्वानाने हेतूंच्या आधारे करीत बसू नये. हजार हेतू दिले तरी अंबष्ठादी गण विरेचक ठरणार नाही. 'पाहा, स्वतः सुश्रुतच परीक्षा नको म्हणतात', असा अर्थ यातून काढला जातो.

आम्हांला हा अर्थ नेमका उलटा वाटतो. अंबष्ठादी गण स्तंभन करणारा आहे, हे प्रत्यक्षात दिसते. कोणी कितीही तर्क लढवून तो विरेचक ठरविला, तरी रुग्णाच्या कोष्ठावर त्या तर्काचा काडीमात्र परिणाम होत नाही. म्हणजे आचार्यांनी येथे प्रत्यक्ष फलाला तर्काच्या वर बसविले आहे. हा दंडक विरोधकांच्या तर्कांना लागू आहे, तसा आपल्याही तर्कांना आहे. रस, वीर्य, विपाक, प्रभाव यांची सुबक जुळणी करून एखादे द्रव्य यकृताला हितकर ठरविले आणि प्रत्यक्षात रुग्णाचे यकृत बिघडले, तर हजार हेतू तेथेही निरुपयोगीच ठरतील. प्रश्न एवढाच उरतो की, प्रत्यक्ष कशाला म्हणावयाचे? एका वैद्याला एका दालनात बसून जे दिसते तेवढेच प्रत्यक्ष काय?

येथे परंपरेचा मुद्दा येतो. 'हजारो वर्षांच्या वापराने आमची औषधे सिद्धच झाली आहेत', असे आपण म्हणतो. दीर्घकाळ वापर हा पुरावा आहे, पण तो कशाचा पुरावा आहे हे नीट तोलले पाहिजे. घेतल्यावर तासाभरात उलटी, भोवळ किंवा मृत्यू घडविणारे द्रव्य परंपरेच्या नजरेतून सुटत नाही. वत्सनाभाचे शोधन आपल्या पूर्वजांनी उगाच सांगितले नाही. परंतु जे नुकसान पाच-दहा वर्षांनी उघड होते, त्याचा संबंध त्या वेळच्या काढ्याशी कोण जोडणार?

बेल्जियमचे उदाहरण यासाठी प्रत्येक फार्मसीचालकाने लक्षात ठेवावे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधील एका चिकित्सालयात वजन उतरविण्यासाठी स्त्रियांना चिनी वनस्पतींची चूर्णे दिली जात होती. त्यांतील काहींची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली आणि १९९३ मध्ये हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शोध घेता आढळले की, स्टेफानिया टेट्रांड्रा या वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया फांगची ही दुसरीच वनस्पती वापरात आली होती. चिनी नावांतील साधर्म्यामुळे कच्च्या मालाची अदलाबदल झाली होती. पुढे ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढण्यात आल्या, त्यांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग सापडला. हा अहवाल २००० सालचा. ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती चीनमध्ये शतकानुशतके औषधांत होत्या आणि आपल्याकडील ईश्वरी त्याच कुळातली. एवढ्या काळात हा दोष परंपरेला दिसला नाही, कारण वैयक्तिक अनुभवाला तो दिसणे शक्यच नव्हते. मोजणी झाली तेव्हा तो दिसला.

युरोपातील रक्तमोक्षणाचा इतिहासही असाच आहे. तेथील वैद्यांनी ते दोन हजार वर्षे केले, आणि त्या प्रत्येकाकडे बरे झालेले रुग्ण होते. १८३५ साली पॅरिसच्या पिएर लुई या वैद्याने न्यूमोनियाचे रुग्ण सरळ मोजले. आजाराच्या सुरुवातीलाच रक्त काढलेल्यांत मृत्यूचे प्रमाण, उशिरा रक्त काढलेल्यांपेक्षा अधिक निघाले. (आपल्या रक्तमोक्षणाची निदाने आणि मात्रा वेगळ्या आहेत, हे आम्ही जाणतो. मुद्दा रक्तमोक्षणाचा नाही, मोजण्याचा आहे.)

गुग्गुळाची कथा

आपल्या क्षेत्रातील सर्वांत बोधप्रद उदाहरण गुग्गुळाचे आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोवृद्धीच्या वर्णनाचा धागा पकडून गुग्गुळाचा अभ्यास केला. ग्रंथातील संप्राप्ती वाचून तिचा रक्तातील स्निग्धांशांशी आणि धमन्यांच्या काठिण्याशी संबंध असावा, असे अनुमान त्यांनी बांधले आणि ते सशांवर तपासून पाहिले. आप्तोपदेश, अनुमान आणि प्रत्यक्ष ही तिन्ही प्रमाणे एका प्रबंधात आणणारे असे काम आजही विरळा. त्यानंतर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळाचा प्रमाणित अर्क तयार केला, भारतात चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष अनुकूल आले आणि १९८७ च्या सुमारास तो अर्क बाजारात आला. आपल्या व्याख्यानांतून हा दाखला वर्षानुवर्षे दिला गेला.

२००३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ व्यक्तींवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. आठ आठवडे काहींना प्रमाणित अर्काची नेहमीची मात्रा, काहींना दुप्पट मात्रा आणि काहींना औषधहीन गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. अपायकारक समजले जाणारे एल.डी.एल. कोलेस्टेरॉल औषधहीन गटात पाच टक्क्यांनी उतरले, तर गुग्गुळ घेणाऱ्या दोन्ही गटांत ते चार-पाच टक्क्यांनी वाढले. काही जणांच्या अंगावर पुरळही उठले.

यावर आपल्याकडून आक्षेप आले : अमेरिकन आहार वेगळा, प्रकृतीचा विचार केला नाही, शोधित गुग्गुळ वापरला नाही, आणि ग्रंथात मेदोरोग आहे, एल.डी.एल. नाही. यांतील काही आक्षेप आम्हांला सयुक्तिक वाटतात. अर्क म्हणजे गुग्गुळकल्प नव्हे आणि स्थौल्य म्हणजे रक्ततपासणीचा आकडा नव्हे. पण हे आक्षेप १९८७ मध्येही तितकेच खरे होते! अनुकूल चाचण्या त्याच अर्कावर आणि त्याच आकड्यांवर झाल्या होत्या. त्या वेळी प्रकृतीचा प्रश्न कोणी काढला नाही. अर्काचे यश गुग्गुळाच्या खात्यावर जमा करावयाचे आणि अर्काचे अपयश परक्याच्या खात्यावर टाकावयाचे, ही जमाखर्चाची रीत कोणत्याही दुकानात चालणार नाही. जो हेतू आपण स्थापनेसाठी वापरला, तोच प्रतिपक्षाने खंडनासाठी वापरला तर तो नाकारता येत नाही. ज्याला शोधित गुग्गुळाच्या शास्त्रोक्त कल्पाने स्थौल्यात गुण येतो असे म्हणावयाचे आहे, त्याने त्या कल्पाची आणि त्या लक्षणांची चाचणी मांडावी. ती प्रतिज्ञा अजून खुली आहे.

सर्पगंधेची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद आणि वाढलेला रक्तदाब यांवर सर्पगंधा उपयुक्त असल्याचे प्रसिद्ध केले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष छापले आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले. या साऱ्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मात्र बिहारकडे ही मुळी वेडावरचे औषध म्हणून लोकांत प्रसिद्ध होती, तो उपयोग लोकवैद्यकातून वर आला, आणि ती मान्य झाली ती कोणीतरी रक्तदाब मोजून लिहून ठेवला म्हणून, हे सांगावयाचे राहून जाते.

'आमची चिकित्सा चाचणीत बसत नाही'

प्रत्येक रुग्णाची प्रकृती भिन्न, म्हणून चिकित्सा भिन्न, म्हणून तुलनात्मक चाचणी अशक्य : हा युक्तिवाद आपल्याकडे जवळजवळ सिद्धांतासारखा वावरतो. पण तो खोटा ठरलेला आहे आणि आपल्याच लोकांनी तो खोटा ठरविला आहे. कोइमतूर येथे आमवातासदृश संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, ४३ रुग्णांवर अमेरिकन संशोधकांच्या सहकार्याने झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला शास्त्रोक्त आयुर्वेदीय चिकित्सा, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आणि तिसऱ्याला दोन्ही. वैद्यांना रुग्णागणिक कल्प बदलण्याची मुभा होती. तरीही दोन्ही प्रकारच्या औषधांची हुबेहूब औषधहीन प्रतिरूपे बनवून कोणाला खरे काय मिळते, हे झाकून ठेवता आले. तिन्ही गटांत सुधारणा साधारण सारखीच दिसली. रुग्णसंख्या लहान होती, त्यामुळे यावरून मोठा दावा करणे गैर होईल, आणि संशोधकांनीही तो केला नाही. पण 'अशी चाचणी होऊच शकत नाही' हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

क्षारसूत्राचे उदाहरण तर याहून ठसठशीत. बनारसला डॉ. पी. जे. देशपांडे यांनी ही पद्धती पुन्हा प्रचारात आणली आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रकर्माशी तिची तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रकर्मात ११ टक्के होते. भरून येण्यास मात्र क्षारसूत्राला आठ आठवडे लागले, शस्त्रकर्माला चार. क्षारसूत्राबद्दल आज शल्यचिकित्सकही आदराने बोलतात याचे कारण हे दोन्ही आकडे उघडपणे मांडले गेले. आपल्याला गैरसोयीचा असलेला दुसरा आकडा कोणी लपविला नाही.

संशयवाद्यांशी आमचे भांडण आहे ते निराळ्या ठिकाणी. मोठी चाचणी म्हणजे मोठा खर्च. ज्या कल्पाचे पाठ ग्रंथांत सर्वांसाठी खुले आहेत, त्यावर मक्तेदारी मिळत नाही; मग त्यासाठी पैसा कोण घालणार? सिद्धतेचा भार आपला आहे हे मान्य, पण तो उचलण्याची साधने कोणाकडे आहेत, याचा विचार न करता 'पुरावा नाही म्हणजे गुण नाही' असे म्हणणे हे उतावळेपणाचे आहे. पुरावा नसणे आणि निष्फळता सिद्ध होणे यांत अंतर आहे. मात्र त्या अंतराचा फायदा घेऊन जाहिरात करण्याचा परवाना आपल्यालाही मिळत नाही.

परवान्याचा विषय निघालाच आहे, तर फार्मसीचालकांसाठी दोन शब्द. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांतील पाठानुसार, त्याच उपयोगासाठी बनविलेल्या शास्त्रोक्त कल्पाला परवाना मिळविताना ग्रंथाधार पुरतो. २०१० मध्ये आलेल्या १५८-ब या नियमानेही ही सवलत कायम ठेवली. ही सवलत विक्रीसाठी आहे. ती गुणाची किंवा निर्धोकपणाची सिद्धता नव्हे, आणि तुमच्या कारखान्यात तयार झालेल्या विशिष्ट बॅचबद्दल तर ती काहीच सांगत नाही. ग्रंथकारांनी पाठ दिला. बाजारातून आलेले पोते त्यांनी पाहिलेले नाही.

२००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आले. आपल्याकडे संताप झाला. एकूण पारा मोजला, तो कोणत्या स्वरूपात आहे हे पाहिले नाही, हा आक्षेप कज्जलीयुक्त कल्पांपुरता विचारार्ह आहे. (शोधन-मारणाने धातू निर्विष होतो, ही देखील प्रतिज्ञाच होय, आणि तिची स्थापना प्रत्येक भस्मासाठी स्वतंत्रपणे आपणच करावयाची आहे.) परंतु २००८ मधील दुसऱ्या पाहणीचा एक आकडा आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. १९३ उत्पादनांत रसकल्पांपैकी ४०.६ टक्क्यांत धातू सापडले, ते अपेक्षितच होते. पण रसकल्प नसलेल्या साध्या वनस्पतिज उत्पादनांपैकीही १७.१ टक्क्यांत ते सापडले. वनस्पतिज चूर्णातल्या शिशासाठी कोणत्या शोधनाचा दाखला देणार? ते माती, पाणी, दळण्याची यंत्रे किंवा गोदाम यांतून आलेले असते. निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी २००६ पासून सक्तीची झाली. शिसे दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या मर्यादा पाळण्यासाठी माल परदेशीच जावयास हवा, असे थोडेच आहे?

गुळवेलीच्या प्रकरणात हीच उणीव दिसली. कोविडच्या काळात गुळवेल घराघरांत गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख पटविली नसल्याचा आक्षेप घेतला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरली गेली असण्याची शक्यता वर्तविली. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली, आणि त्यांतील अनेकांत स्वयंप्रतिकारजन्य यकृतदाहाची लक्षणे होती. भेसळीची शंका योग्यच होती. पण ती खरी असती, तर बाजारातील गुळवेल ओळखून न घेता विकली जात आहे, असा त्याचा अर्थ झाला असता. आणि ती जबाबदारी यकृततज्ज्ञांची खचित नव्हे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. गुण सांगणाऱ्याकडे भक्कम स्थापना असली पाहिजे. अपायाची सूचना देणाऱ्याकडून मात्र तेवढी अपेक्षा करता येत नाही. तेथे संशय पुरतो. २००८ साली जामनगर येथे केंद्र ठेवून सुरू झालेल्या आपल्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचे पत्रकही 'संशयित' प्रतिक्रियेसाठीच आहे. तरीही आपल्यातील बहुतेक वैद्य ते भरीत नाहीत. भरावे कसे, हे अवघड नाही. रुग्णाचे वय, प्रकृती आणि आधीचे विकार. कल्पाचे पूर्ण नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक. मात्रा, अनुपान, किती दिवस. सोबत चालू असलेली सर्व औषधे, ॲलोपॅथिकसुद्धा. लक्षण कधी सुरू झाले, औषध थांबविल्यावर उतरले काय. वैद्य स्वतः औषध बनवून देत असेल, तर कच्चा माल कोणत्या व्यापाऱ्याकडून केव्हा घेतला, ही तारीखही हवी. फार्मसीने प्रत्येक बॅचचा नमुना आणि त्या बॅचच्या कच्च्या वनस्पतीचा तुकडा मोहोरबंद करून औषधाची मुदत संपेपर्यंत ठेवावा. उद्या कोणी गुळवेलीवर बोट ठेवले, तर 'ती आमची नव्हे' असे म्हणण्यासाठी कपाटातील ती पुडी उघडून दाखविता आली पाहिजे.